तुझ्या तक्त्यात न मावलेले प्राणी

देवबाग, ता. मालवण
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. प्राणी, जागा, वेळ आणि ‘काय करत होता’ असे चार रकाने. खाली लाल शाईत सूचना : ‘मला वाटतं दिसला’ असं लिहू नये, किमान दोघांनी पाहिला असेल तरच नोंद धरावी. ती वाचून बाबा म्हणाले, "हा टोमणा मला आहे." आजी म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला असणार?"

तक्ता भरून याच पाकिटात घातला आहे. पण चौथा रकाना तू फार अरुंद आखलास. प्राणी काय करत होता ते त्यात कसंबसं बसतं, त्या वेळी तुझे बाबा काय करत होते ते बसत नाही. त्यासाठी ही जादा पानं. वसतिगृहातल्या तुझ्या खोलीतल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवलीस तरी बाबांची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. (झोपेत होते, पण ‘हं’ म्हणाले.)

आधी जागा समजून घे. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. मधे माड, घरं आणि एक रस्ता. समोरून एसटी आली की रिक्षाने कुणाच्या तरी खळ्यात शिरून वाट द्यायची, एवढाच रुंद. आपलं बिऱ्हाड नदीच्या बाजूला आहे. घरच्या बाईंना अख्खी वाडी माई म्हणते, म्हणून आम्हीही माईच म्हणतो. त्या मला वयनी म्हणतात, बाबांना भावोजी, आणि आजीला तर पहिल्या संध्याकाळपासून थेट "गो आये". आजीला ते इतकं आवडलं की तिने माईंच्या चुलीजवळचा पाट कायमचा ताब्यात घेतला.

घरात एक बोका आहे. पिवळा, एक कान फाटका, नाव तलाठी. असलं नाव का, असं विचारलं तर माई म्हणाल्या, "सगळ्यांच्या घरात काय शिजता, ता ह्येका म्हायत आसता." तलाठ्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. तो मागत नाही, ओरडत नाही, पायात घुटमळत नाही. ताटापासून हातभर अंतरावर बसतो आणि दुसरीकडे बघतो. पहिल्या रात्री बाबा मला बांगड्याचे काटे कसे काढायचे हे शिकवत होते. काटे काढून झाले, सगळं मांस ताटाच्या कडेला नीट रचलं, पाणी प्यायला भांडं उचललं, आणि ताटात फक्त काटे उरले. तलाठी तेव्हाही दुसरीकडेच बघत होता. घरगुती प्राणी तक्त्यात चालतात की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. मी त्याला पहिल्या ओळीत घेतला आहे.

डॉल्फिन बघायला पहाटे निघालो. बाबांनी लाइफ जॅकेट माईंच्या पडवीतच चढवलं आणि ते घालूनच चहा घेतला. होडीत आम्ही तिघं, तांडेल म्हणजे होडी चालवणारा, आणि त्याचा पुतण्या. संगमाबाहेर पडलो तर आमच्या आधी बऱ्याच होड्या पोचलेल्या. कुठे पाठ दिसली की सगळ्यांची मशीनं एकदम सुरू व्हायची आणि सगळे तिकडे धावायचे. तोवर तिथे नुसतं पाणी. आमच्या तांडेलाने मात्र त्या गर्दीपासून लांब जाऊन मशीन बंद केलं आणि म्हणाला, "त्यांच्या पाठसून धावान काय गावूचा नाय. आपण गप रवलो काय ते येतत." आम्ही गप राहिलो. आजीने आयुष्यात प्रथमच एवढा वेळ मौन पाळलं असेल.

आणि आले! आधी श्वासाचा ‘फुस्स’ आवाज, मग करडी पाठ आणि पाठीवर उंचवटा. त्या उंचवट्यावरच छोटा पर असतो, म्हणून इंग्रजी पुस्तकातल्या उड्या मारणाऱ्या डॉल्फिनांपेक्षा हे वेगळे दिसतात. हे हंपबॅक जातीचे. यांचं सगळं आयुष्य किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जातं, खाडीच्या तोंडाशी मासे भरपूर म्हणून ते तिथेच घुटमळतात. एका मोठ्या पाठीला चिकटून एक लहान पाठ होती. आई वर आली की पिल्लू वर, आई खाली की पिल्लूही खाली. आजीने मौन सोडलं : "हिच्या पोराला आंघोळीसाठी मागे लागावं लागत नाही बघ." हे तुला उद्देशून होतं, तसं लिहायला तिने बजावलं आहे.

बाबांनी फोटो भरपूर काढले. सगळ्या फोटोंत समुद्र उत्तम आला आहे. एका फोटोत डाव्या कोपऱ्यात काहीतरी काळं आहे आणि तो डॉल्फिनचा पर आहे असं बाबांचं म्हणणं. माझ्या मते ती तांडेलाच्या पुतण्याची चप्पल. नोंद मात्र धरली आहे, कारण प्रत्यक्षात पाच जणांनी पाहिलं.

परतताना त्सुनामी बेटावर उतरलो. तिथे वाळूपेक्षा माणसं जास्त, आणि माणसांसाठी तुझ्या तक्त्यात ओळ नव्हती. एवढंच सांगण्यासारखं की, बाजूच्या वाळूच्या दांड्यावर कुरव पक्ष्यांचा मोठा थवा सगळी तोंडं वाऱ्याकडे करून बसला होता. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात तिबेटच्या बाजूला उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात आणि थंडीत इथे येतात. सध्या त्यांचं डोकं तपकिरी नाही, पांढरं आहे, डोळ्यामागे फक्त एक ठिपका. तपकिरी रंग परत जायच्या सुमारास चढतो. मुंजीला निघण्याआधी टोपी चढवावी तसा, असं आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडीने कुरटे बेटावर जायचं. 1664 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला 1667 ला पुरा झाला, हे तुझ्या पुस्तकात असेलच. पुस्तकातून कळत नाही ते हे की, होडी तटाच्या अगदी जवळ गेली तरी दरवाजा सापडत नाही. दोन बुरुज असे वळवले आहेत की त्यांच्यामधून आत शिरेपर्यंत समोर नुसता दगड. आजी कठड्याला धरून म्हणाली, "अरे, दार विसरले की काय बांधायला!" आणि तेवढ्यात दार आलं. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींचं पाणी चारी बाजूंना खारा समुद्र असूनही गोडं आहे. आजीने प्रत्येकीत वाकून पाहिलं आणि साखरबावीवर मुक्काम ठोकला. शिवराजेश्वराच्या देवळात दर्शन घेतलं. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर, आत महाराजांची दाढी नसलेली मूर्ती आहे. ती पाहून आजी बराच वेळ काही बोलली नाही.

प्राणी भेटला तो पुढे, ‘राणीची वेळा’ म्हणतात त्या जागी. तटाला एक लहानसा दरवाजा आहे, त्यातून खाली उतरलं की छोटीशी पुळण लागते. तुझ्यासाठी शंख आणायचं बाबांनी कबूल केलं होतंच. त्यांनी चांगला तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा, एकही टवका न उडालेला शंख निवडला, रुमालाने पुसला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. मग तटबंदीबद्दल आम्हाला माहिती द्यायला सुरुवात केली. चुन्यात काय मिसळलं होतं, पायात शिसं कसं ओतलं, वगैरे. बोलता बोलता त्यांचा एक खांदा वर गेला. मग मान वाकडी झाली. मग "अगं अगं अगं" असं तीनदा म्हणून त्यांनी सदऱ्याची दोन बटणं तोडली. शंखाला पाय फुटले होते आणि तो खिशातून निघून गळ्याच्या दिशेने चढत होता.

तुला अर्थातच कळलं असेल. तो शंखातला खेकडा. इतर खेकड्यांना सगळीकडून कवच असतं. याचं पोट मात्र मऊ आणि उघडं असतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून हा त्यात मागून शिरतो आणि शंख पाठीवर घेऊनच हिंडतो. अंग वाढलं की घर लहान पडतं, मग मोठा शंख शोधायचा. किनाऱ्यावर चांगले शंख उरलेच नाहीत तर हे बाटलीच्या झाकणातसुद्धा बिऱ्हाड करतात. म्हणून तुला शंख पाठवत नाही, तुझा हक्क पुढच्या भाडेकरूकडे गेला असं समज. बाबांनी त्याला ओल्या वाळूवर ठेवला. तो आधी आत दडला, मग दोन डोळे बाहेर काढून त्याने बाबांकडे पाहिलं आणि तिरका तिरका निघून गेला. बटणं मी लावून दिली आहेत.

किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घालून मासे बघायची सोय आहे. हे मी केलं. होय, मी! बाबा होडीत बसून मला सूचना देत होते. काचेचा मुखवटा, तोंडात नळी, आणि खाली बघितलं तर खडकांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी सावकाश चरत होते. एकाने माझ्या गुडघ्यावरची खपली तपासली आणि नापसंत केली. हा सगळा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटर. तरी एका होडीवाल्याने मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात बिस्किटं चुरडायला घेतली. आजीने हात लांब करून पुडाच काढून घेतला : "माशाला कशाला मैदा? त्याचं त्याला खाऊ दे." उरलेली बिस्किटं तिने संध्याकाळी चहात बुडवून संपवली. मला आजीचं पटलं. बिस्किटासाठी धावणारा मासा बघण्यात काय मजा आहे, तो तर मला बसस्थानकावरही बघता येईल.

आता रापण. हिच्यासाठी पूर्ण पान हवं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. एक टोक वाळूवर ठेवतात, होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडत येते आणि दुसरं टोक लांबवर परत किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा दोर ओढायला उभ्या राहतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकतात. घाई चालत नाही. सगळ्यांनी एका लयीत मागे जायचं, शेवटच्या माणसाने दोर सोडून पुढे येऊन धरायचा. आम्हालाही त्यांनी धरू दिलं. आजी दोन बायकांच्या मधे उभी राहिली आणि तिला ती लय लगेच साधली. "मोटेचा नाडा ओढलाय मी लहानपणी," म्हणाली. बाबांनी खास खरेदी केलेले हातमोजे घातले. ते ओले झाल्यावर दोरावरून घसरायला लागले आणि बाबा रांगेबरोबर मागे जाण्याऐवजी जागच्या जागीच मागे जाण्याचे हावभाव करत राहिले. रापणकरांनी काही म्हटलं नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी फक्त मोजे काढून त्यांच्या खिशात घातले.

जाळं जवळ यायला लागलं तशी आकाशात घारींची सभा भरली. डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, त्या ब्राह्मणी घारी. खाली कुत्री येऊन ओळीने बसली. आणि मग जाळ्याचा खोळा वाळूवर आला. आत तारली, पेडवे, थोडे बांगडे, आणि एक पाकट शेपूट आपटत होतं. त्याच्या शेपटीला काटा असतो म्हणून एकाने सगळ्यांना मागे सारलं. बाबा मागे सरले ते एका गोलमटोल माशाजवळ. पांढरं पोट टम्म, वर दोन डोळे, तोंडात पुढचे दात चक्क दिसत होते. बाबा फोटोसाठी गुडघ्यावर बसले.

"हात लावू नकात, केंड आसा तो!"

बाबांनी हात लावला नाही. नुसते जवळ गेले. केंड घाबरला की पाणी गिळून फुगतो म्हणजे शत्रूला तो घशाखाली उतरवणं अवघड जातं. याने भरपूर पाणी गिळलं होतं. ते सगळं त्याने एका पिचकारीत बाबांच्या चष्म्यावर सोडलं आणि निम्मा झाला. अख्खी रापण हसली. मालवणकर मच्छीमारांचा याच्यावर राग आहे, कारण तो चोचीएवढ्या धारदार दातांनी जाळी कुरतडतो आणि खाऊन बदलाही घेता येत नाही, कारण तो विषारी. कुत्रीसुद्धा हुंगून बाजूला झाली. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "क्लोज-अप चांगला आला." खरंच चांगला आला आहे. या सगळ्या सहलीतला बाबांचा तेवढा एकच फोटो तक्त्याला जोडला आहे.

हे हसणं चालू असतानाच खोळ्याच्या कडेला कुणीतरी "साप" म्हणालं. बाबा कधी गेले कळलं नाही, पण पुढच्या क्षणी ते पालथ्या घातलेल्या होडीवर उभे होते. तो समुद्रसाप होता, करडा, अंगावर पट्टे, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. त्या शेपटीनेच तो पोहतो. पाण्यात राहतो पण श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्याला, आपल्याप्रमाणे फुप्फुसं आहेत. त्यामुळे जाळ्यात फार वेळ अडकला तर गुदमरतो. विष जहाल. त्या मघाच्या आजोबांनी एक काठी मागवली, म्हणाले, "आधी तेका सोडूया, मगे मासे." काठीने हळूच उचलून लाटेत नेऊन सोडला. कुणी मारायला धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. त्या वेळात मासे तसेच पडून होते, घारी त्यातले उचलत होत्या, तरीही. आजीने त्या दिशेला हात जोडले. बाबा नंतर म्हणाले की होडीवरून दृश्य जास्त चांगलं दिसत होतं.

वाटणी झाली तेव्हा आजीच्या पदरातही ओंजळभर तारली पडली. ओढणाऱ्याचा वाटा! ती तिने माईंच्या चुलीवर तिरफळ घालून स्वतः शिजवली. तलाठी हजर होताच.

हुमल्यांचं थोडक्यात सांगते, कारण बाबांनी विनंती केली आहे. माईंच्या परसात काजूचं झाड आहे. त्याची पानं एकमेकांना शिवून केलेले चेंडूएवढे गोळे फांद्यांवर दिसतात. ती तांबड्या मुंग्यांची घरं, इथे त्यांना हुमले म्हणतात. शिवण्याची रीत ऐकून तू वेडा होशील. काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात आणि बाकीच्या आपली अळीसारखी पिल्लं तोंडात धरून कडेवरून फिरवतात. पिल्लाच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो, त्याने शिवण पडते. हे मी बाबांना समजावून सांगत होते. ते ओला टॉवेल वाळत घालत होते. काजूच्या फांदीवर. माई आतून ओरडल्या, "भावोजी, थंय नको, हुमले आसत!" पण टॉवेल घालून झाला होता, सुकला होता आणि गुंडाळूनही झाला होता. त्यापुढचा प्रकार परसापासून विहिरीपर्यंत चालला. साक्षीदार चार, बोका धरून.

आता एका वादाकडे येते. निकाल तुला द्यायचा आहे.

संध्याकाळी लहान होडीतून कर्लीच्या कांदळवनात गेलो. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता, आणि त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. मासाच तो, पण पाण्याबाहेर आला तरी मरत नाही. अंग आणि तोंडातली त्वचा ओली असेपर्यंत त्यातून हवा घेतो, पुढच्या परांवर रेटा देत चालतो आणि डोळे डोक्यावर ठेवून चहूकडे बघतो. दोन नर समोरासमोर आले, पाठीवरचे पर उभारले, तोंडं उघडली, आणि काहीच न करता परत गेले. आपल्या सोसायटीच्या बैठकीची आठवण झाली.

मी निवट्या आणि वर बसलेला एक खंड्या बघत होते, तेव्हा बाबा कुजबुजले, "ऊद! ऊद मांजर! तीन!" मी वळेपर्यंत पाण्यावर वर्तुळं. बाबांचं म्हणणं, तीन चपटी डोकी ओळीने जात होती. आजीनेही पाहिलं. मात्र आजीचं म्हणणं, ती कुत्र्याची पिल्लं होती. आता दोघांनी पाहिलं हे खरं, पण एकाने ऊद पाहिलं आणि एकाने कुत्री, तर नियम लागतो का? माईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ऊद येतत मां! जाळ्यातले मासे खातत, वर जाळा फाडून जातत." म्हणजे आहेत नक्की. दुसऱ्या सकाळी बाबा परत तिथे गेले आणि एका खडकावर त्यांना माशाच्या खवल्यांनी आणि खेकड्याच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठा मिळाली. ऊद कळपाने एकाच जागी जातात, म्हणून पुरावा पक्का आहे असं ते म्हणतात. नमुना तुला पोस्टाने पाठवायचा त्यांचा विचार होता. तो मी मोडून काढला. खडकाचा फोटो आहे, पण तो कोणत्या फोटोग्राफरने काढला आहे हे लक्षात घेऊन निकाल दे.

कासवांसाठी पहाटे चारला गाडी करून वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला गेलो. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येतात, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात, वाळूने बुजवतात आणि परत जातात. पिल्लांचं तोंडही बघत नाहीत. कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसंही अंडी काढून नेत. आता गावकरी आणि वनविभाग मिळून ती अंडी कुंपण घातलेल्या जागी तेवढ्याच खोल पुरतात आणि पंचेचाळीस-पन्नास दिवस राखण करतात. आपल्या किनाऱ्यावर हे काम आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सुरू झालं, 2002 मध्ये. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर, ही गोष्ट ऐकून आजी म्हणाली, "मग कासवांच्यात सुनांना दोष देत नसतील."

कुंपणातल्या टोपलीखाली वाळू हलली होती. पिल्लं तुझ्या तळहातावर दोन मावतील एवढी, काळपट, अंगावर वाळू. लाटेपासून थोड्या अंतरावर सोडतात, पुढचं त्यांनी चालायचं. फ्लॅश बंद, आखलेल्या दोरीच्या मागे उभं राहायचं, बोलायचं नाही. बाबांना एका स्वयंसेवकाने काम दिलं, कावळे येऊ द्यायचे नाहीत. मिळाली तेवढी जबाबदारी त्यांनी पूर्ण निभावली. छत्री उघडून-मिटून ते त्या पुळणीवर असे पळत होते की कावळे तर सोडाच, पर्यटकही फिरकले नाहीत. आजी दोरीच्या मागून एका पिल्लावर नजर ठेवून होती. ते सारखं उलटं वळायचं. "तिकडं न्हवं रं बाळा, तिकडं न्हवं," चालू होतं, बोलायचं नाही हे विसरून. लाट आली, त्याला उचललं, परत टाकलं, दुसऱ्या लाटेने नेलं. आजीने मला विचारलं, "आता हे जाणार कुठं?" मी तिला गुहागरची गोष्ट सांगितली. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती, ती 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाच्या त्या अंगावरून या अंगाला पोहत! आजी म्हणाली, "आणि आपल्याला कोल्हापुराहून यायला इतकी वर्षं लागली."

तेव्हापासून तिचं डोकं फिरलं आहे. आज सकाळी तिने आणि माईंनी परस्पर ठरवून टाकलं की मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपण पुन्हा यायचं, तुझी सुट्टी लागली की लगेच, पाऊस सुरू होऊन होड्या बंद व्हायच्या आत. आंबेही तेव्हाच. मागची खोली माईंनी राखून ठेवली आहे आणि आजीने विसार म्हणून त्यांना आपली नऊवारी शिवायची सुई-दोऱ्याची पेटी देऊन टाकली आहे. बाबा म्हणतात रजा मिळणार नाही. आजी म्हणते, मग आम्ही तिघं येऊ, कावळे हाकायला गावात दुसरं कुणी मिळेल.

तर परीक्षा नीट दे आणि गणिताच्या वहीत ऊद काढत बसू नकोस. तुझा पोहायचा चष्मा कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याचा पट्टा तुटला आहे, तो येताना साताऱ्यातूनच नवा घे. इथे मिळतो तो बाबांच्या मापाचा.

तुझी,
आई

ता. क. पाकिटाबरोबरच्या डब्यात मालवणी खाजा आहे, गुळाचा आणि आल्याचा. वाटून खा. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली आमसुलं वॉर्डन सरांच्या घरी द्यायची आहेत, ती खाजा समजून कुणी तोंडात टाकू नये.